पीळ कुठल्या बाजूचा? अमायलॉइडच्या अभ्यासात शिरताना

"अमायलॉइड म्हणजे काय?" पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि पहिल्याच वाक्यात मी माती खाल्ली. "अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साठणारं प्रथिन," असं मी ठोकून दिलं. समोरच्या मॅडमनी चष्मा वर सरकवला. "मग मधुमेह्याच्या स्वादुपिंडात साठतं, ते काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. निवड झाली ती नेट परीक्षेतून मिळालेल्या जेआरएफ या संशोधन-शिष्यवृत्तीमुळे, उत्तरामुळे खचित नाही.

या क्षेत्रात नव्यानं येणारी दहातली आठ मुलं आजही हेच उत्तर देतात, म्हणून सुरुवात इथूनच करते. अमायलॉइड हे कुठल्या एका प्रथिनाचं नाव नाही. ती प्रथिनांची बसण्याची एक पद्धत आहे. अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर ए-बीटा, म्हणजेच बीटा-अमायलॉइड, तसं बसतं, पेशींच्या आत टाऊ बसतं. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सायन्यूक्लीन, एएलएस या चेतापेशींच्या आजारात टीडीपी-४३, प्रिऑनच्या आजारांत प्रिऑन प्रथिन, आणि मॅडमनी विचारलेलं मधुमेहातलं अमायलिन. यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात एकमेकांशी काही नातं नाही, तरी बैठक एकच. 'अमायलॉइड' आणि 'बीटा-अमायलॉइड' हे शब्द एकाच अर्थानं वापरायची सवय असेल, तर ती आजच मोडा.

नावाची गोष्ट मला नंतर कळली आणि ती मला घरचीच वाटली. मी इचलकरंजीची. अण्णा, म्हणजे माझे वडील, सूतगिरणीच्या डबलिंग खात्यात, जिथं दोन पदर पिळून एक सूत करतात. आमच्या गल्लीच्या टोकाला सायझिंग होतं. ताण्याच्या सुताला तिथं खळ लावायचे, आणि त्या उकळत्या स्टार्चचा वास शाळेच्या दप्तरापर्यंत मुरायचा. १८५४ मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखोव यानं मेंदूच्या ऊतीतल्या काही कणांवर आयोडीन टाकलं. रंग स्टार्चसारखा बदलला, म्हणून त्यानं नाव दिलं अमायलॉइड, म्हणजे स्टार्चसारखं. आपल्या भाषेत खळीसारखं! पाचच वर्षांत फ्रीडराइश आणि केकुले यांनी अशाच साठ्यांचं रासायनिक पृथक्करण करून दाखवलं की हा पदार्थ स्टार्च नाही, प्रथिनासारखा आहे. नाव चुकीचं ठरलं, पण चिकटलं ते चिकटलंच.

सुताशी या विषयाचा संबंध मी ओढूनताणून आणत नाहीये. प्रथिनांच्या रचनेत 'अल्फा' आणि 'बीटा' ही अक्षरं आली ती लोकरीतून. इंग्लंडातल्या लीड्सच्या विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी वस्त्रोद्योगाचं भौतिकशास्त्र शिकवायचा. लोकरीचा धागा तो एक्स-रेसमोर धरायचा. न ताणलेल्या धाग्याची नक्षी ती अल्फा, ताणलेल्याची बीटा. १९३५ मध्ये त्यानं उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची पट्टी ताणून तिच्यावर एक्स-रे सोडले आणि एक आडवी-उभी नक्षी पाहिली. १९६८ मध्ये ईन्स आणि ग्लेनर यांना रुग्णांच्या अवयवांतून काढलेल्या अमायलॉइडमध्ये तीच सापडली. तिला आम्ही क्रॉस-बीटा म्हणतो. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तुझं शास्त्र आमच्या खात्यातनंच निघालंय की."

आता ही बैठक नेमकी कशी असते ते बघू. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येनं माझ्या डोक्यात काही उतरलं नव्हतं. डोळ्यांसमोर चकली आणा. पिठाची एक तार, एकाच पातळीत वळत-वळत जाऊन तयार झालेला एक आकार. आता हुबेहूब तशाच आकाराच्या चकल्या एकावर एक रचून चवड करा, वळणावर वळण आणि टोकावर टोक येईल अशी. एक चकली म्हणजे प्रथिनाचा एक रेणू, आणि पूर्ण चवड म्हणजे धागा. दोन चकल्यांमधलं अंतर ४.७ ते ४.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध चवडीच्या उभ्या दिशेनं. एकाच चकलीतली शेजारशेजारची दोन वळणं साधारण १० अँगस्ट्रॉमवर, आणि त्यांच्या मधे अमिनो आम्लांच्या बाजूच्या शाखा चेनच्या दातांसारख्या एकमेकींत बसलेल्या. मधे पाण्याला शिरायला जागा नाही. २००५ मध्ये डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या गटानं फक्त ७ अमिनो आम्लांच्या तुकड्याच्या स्फटिकात ही चेन दाखवली. हे धागे सहज विरघळत नाहीत, कापणाऱ्या विकरांना दाद देत नाहीत, त्याचं कारण या दोन गोष्टींत आहे.

आणि एक. प्रत्येक चकली खालच्या चकलीपेक्षा किंचित वळवून ठेवलेली असते. टाऊच्या बाबतीत हे वळण साधारण १.२ अंशांचं. अर्धा फेरा व्हायला १५० थर लागतात, म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटर. हा हिशेब कागदावर स्वतः करा. मी केला तेव्हा गंमत म्हणून तो अण्णांच्या मापात नेला: इंचाला सुमारे १ लाख ८० हजार पीळ. चाळीस नंबरी सुताला इंचाला पंचवीसेक पीळ असतात. अण्णांनी क्षणभर विचार करून विचारलं, "तुटत न्हाई?" मी आजवर ऐकलेल्या चर्चासत्रांतल्या निम्म्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न बरा होता. तुटतो. आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांवर नवे रेणू बसायला लागतात, म्हणून साठा एकदा सुरू झाला की भराभर वाढतो.

पहिल्या महिन्यात काय करावं असं मला मुलं विचारतात. लेख वाचायच्या आधी एक रचना उघडून बघा. प्रोटीन डेटा बँकेत सगळं फुकट आहे. ५ओ३एल (5O3L) हा क्रमांक टाका, फाइल उतरवा, कायमेरा-एक्स या रचना दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. ही २०१७ मध्ये केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेतून, स्योर्स स्खेरेस आणि मिखेल खुडर्ट यांच्या गटांकडून आलेली टाऊची रचना. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून थेट काढलेल्या धाग्यांची ती पहिली अणुपातळीवरची रचना होती. वरून बघा: इंग्रजी सी अक्षरासारख्या दोन घड्या, पाठीला पाठ लावून बसलेल्या. मेंदूतल्या टाऊचं सर्वांत लांब रूप ४४१ अमिनो आम्लांचं, पण या घट्ट घडीत त्यातली फक्त ३०६ ते ३७८ दिसतात. बाकीची साखळी गोधडीच्या सुटलेल्या दोऱ्यांसारखी बाहेर लोंबकळते आणि चित्रात धुकं होऊन जाते. मग ५ओ३टी (5O3T) उघडा. घडी तीच, पण दोन घड्या एकमेकींना वेगळ्या बाजूनं चिकटलेल्या. एका अल्झायमरमध्ये हे दोन्ही प्रकार सापडतात. तासभर फिरवत बसा. मी हे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी केलं, आणि तो उशीर मला महागात पडला.

तो कसा, ते सांगते. मी २०१६ मध्ये पीएचडीला लागले. टाऊ बनवायला शिकले, आणि ते काम मला मनापासून आवडलं. जिवाणूंकडून टाऊ करून घ्यायचं, पेशी फोडायच्या आणि तो सगळा रस चक्क उकळायचा. बाकीची प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फुटून तळाशी बसतात. टाऊला मुळात पक्की घडीच नसल्यामुळे उकळून त्याचं काही बिघडत नाही, ते वरच्या निवळ पाण्यात राहतं. अडचण पुढे येते. हे शुद्ध टाऊ नुसतं ठेवलं तर महिनोनमहिने धागे करत नाही. म्हणून त्यात हेपॅरिन घालतात. ऋणभार असलेली ती लांब शर्करा-साखळी टाऊच्या धनभाराला एकत्र आणते. ही रीत १९९६ पासून चालत आलेली. सगळे करत होते, मीही केलं.

धागे झाले की नाही हे बघायला थायोफ्लेविन-टी. ४४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला की क्रॉस-बीटाला चिकटलेलं थायोफ्लेविन ४८० च्या आसपास चमकतं. वेळेबरोबर चमक मोजली की आळसावलेल्या एस अक्षरासारखा आलेख येतो: आधी बराच वेळ काही नाही, मग उडी, मग सपाटी. पहिले आठ महिने माझे आलेख एकदाही जुळले नाहीत. सोमवारी उडी ६ तासांनी, गुरुवारी ४० मिनिटांनी. मी यंत्राला दोष दिला, पिपेटला दिला, मुंबईच्या दमट हवेला दिला. कारण साधं होतं. माझ्या साठवणीच्या नळीतच धाग्यांचे बारीक तुकडे होते, आणि ते विरजणासारखं काम करत होते. दह्याच्या भांड्यात दूध तापवायचं आणि दही का लागलं म्हणून विचारायचं, त्यातला प्रकार. तेव्हा हे लक्षात असू द्या: प्रत्येक प्रयोगाआधी प्रथिन रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभातून काढून घ्या, फक्त सुट्या रेणूंचा भाग वापरा, न चिकटणाऱ्या नळ्या वापरा, आणि बर्फावरून काढल्यापासून घड्याळ लावा. ए-बीटा ४२, म्हणजे ४२ अमिनो आम्लांचं ए-बीटा, तर याहून खोडसाळ. त्याच्या झालेल्या धाग्यांच्या अंगावरच नवे धागे रुजतात. दूषित थेंब केवढा होता याला तिथं फारसा अर्थ उरत नाही.

आलेख जुळायला लागले तोवर २०१८ उजाडलं. हेपॅरिन-टाऊच्या धाग्यांना कुठली लहान औषधी संयुगं चिकटतात ते बघायचं, असा माझा प्रबंधाचा विषय ठरला. मी खुशीत होते. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच केंब्रिजच्या गटांचा लेख आला: हेपॅरिननं केलेल्या टाऊ-धाग्यांची क्रायो-ईएमनं, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं, मिळवलेली रचना. ४४१ अमिनो आम्लांच्या टाऊपासून एकाच नळीत किमान ४ वेगवेगळे आकार, आणि त्यातला एकही अल्झायमरच्या मेंदूतल्या आकाराशी जुळत नव्हता. टाऊच साठणाऱ्या पिक्स या दुसऱ्या आजारातल्या आकाराशीही नाही. त्यातल्या एका आकाराला त्यांनी 'ट्विस्टर' असं नाव दिलं होतं. अण्णांच्या खात्यातल्या यंत्राचं नाव! त्या दिवशी मला हसू आलं नाही.

म्हणजे अडीच वर्षं मी ज्या कुलपाला किल्ल्या लावून बघत होते, ते कुलूप आजाऱ्याच्या दाराला नव्हतंच. माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं, "प्रबंधात हेपॅरिन असं स्पष्ट लिही आणि पुढे जा." आमच्यात वाद झाला, दोन आठवडे बोलणं जेमतेम. आज मागे वळून बघताना त्यांचंही पूर्ण चुकत होतं असं मी म्हणणार नाही. धागे कसे वाढतात, कसे तुटतात हे शिकायला हेपॅरिनचे धागे चालतात. पण आजाराच्या धाग्याला औषध चिकटतं का, हा प्रश्न त्यांना विचारता येत नाही. माझ्या प्रबंधातली दोन प्रकरणं पहिल्या प्रकारची झाली, तिसरं मी टाकून दिलं.

म्हणून नव्या मुलांना कुठल्याही लेखावर पहिला प्रश्न विचारायला लावते: हा धागा कुठला? नळीतला की मेंदूतला? नळीतला असेल तर काय घालून केलेला? मेंदूतला असेल तर कुठल्या आजाराचा? कारण टाऊ एकच असलं तरी आजारागणिक घडी वेगळी. अल्झायमरमध्ये सी. पिक्स आजारात २०१८ मध्ये सापडली ती लांबट, जे अक्षरासारखी. डोक्याला वारंवार मार बसणाऱ्या खेळाडूंच्या आजारात, म्हणजे सीटीईमध्ये, सी जरा उघडी, आणि तिच्या पोटात एक पोकळी; पोकळीत प्रथिनाचं नसलेलं काहीतरी बसलेलं. कॉर्टिकोबेसल डिजनरेशन या मेंदूच्या आणखी एका आजारात चार पदरी घडी. २०२१ पर्यंत इतक्या घड्या हाती आल्या की टाऊच्या आजारांचं वर्गीकरणच घडीवरून मांडलं गेलं. एका आजाराच्या सगळ्या रुग्णांत तीच घडी का, आणि दुसऱ्यात वेगळी का, हा मला या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो. टाऊच्या साखळीत एकाच धाटणीचा तुकडा रूपागणिक तीनदा किंवा चारदा येतो. पिक्समध्ये टाऊची तीन पुनरावृत्तींची रूपं साठतात, कॉर्टिकोबेसलमध्ये चारांची, अल्झायमरमध्ये दोन्ही. पण एवढ्यानं भागत नाही. सीटीईमध्येही दोन्ही असतात, आणि घडी अल्झायमरची नसते.

२०२२ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं यातला एक धागा पकडला. टाऊचा २९७ ते ३९१ एवढाच तुकडा घ्यायचा, हेपॅरिन अजिबात नाही, मॅग्नेशियम क्लोराइड घालून हलवत ठेवायचं: नळीत अल्झायमरची घडी. मॅग्नेशियमच्या जागी साधं मीठ, सोडियम क्लोराइड घातलं, तर सीटीईची. मिठानं आमटीची चव बदलते हे ठाऊक होतं. प्रथिनाची घडी बदलते हे बघून मी खुर्चीतून उठले. प्रबंध संपायला चार महिने होते. मी ती कृती तशीच्या तशी करून बघितली, आणि पहिल्यांदा आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडधागा दिसला.

आता पिळाची गोष्ट. मी चित्र अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. काळ्या-पांढऱ्या चित्रात दोन पदर एकमेकांभोवती वळलेले, थोड्या-थोड्या अंतरावर बारीक होणारे.

"हे तर डबल सूत," अण्णा फोनवर म्हणाले. "पीळ कुठला, एस का झेड?"

सूतवाल्यांना हे सांगायला नको. धागा उभा धरला आणि पीळ एस अक्षराच्या मधल्या रेघेसारखा कलला तर एस, झेडसारखा कलला तर झेड. एस म्हणजे डावा, झेड म्हणजे उजवा. एकेरी सूत बहुधा झेड, आणि दोन पदर डबल करताना उलटा, एस. मी चित्राकडे पाहिलं. सांगता येईना.

"बघून कळत न्हाई?" अण्णांच्या आवाजात एवढं शिकून काय केलंस, असा सूर होता.

खरंच कळत नाही, आणि का ते समजून घ्या. सूत हातात धरलं की आपल्याला फक्त पुढची बाजू दिसते. इलेक्ट्रॉन धाग्यातून आरपार जातात, त्यामुळे पुढची आणि मागची बाजू एकावर एक पडते. डावा धागा आणि त्याची आरशातली उजवी प्रतिमा यांची आरपार चित्रं सारखीच. पीळ ठरवायला वेगळा पुरावा लागतो: एक तर अणुबल सूक्ष्मदर्शकानं धाग्याचा फक्त वरचा पृष्ठभाग चाचपायचा, नाहीतर क्रायो-ईएमची रचना इतकी स्पष्ट मिळवायची की साखळीच्या कण्यातले ऑक्सिजन दिसावेत. मी पहिला मार्ग घेतला. उत्तर एस आलं. "डबल सूत एसच असतंय," अण्णा म्हणाले, जणू त्यांनी आधीच सांगितलं होतं.

ही नुसती कौतुकाची गोष्ट नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूच्या आवरणांतल्या रक्तवाहिन्यांत ए-बीटा ४० साठतं. २०१९ मध्ये त्या धाग्यांची रचना आली, तेव्हा त्यांचा पीळ उजवा निघाला. नळीत वाढवलेल्या धाग्यांचा पीळ त्याआधी डावा दिसत आला होता. मेंदूच्या प्रत्यक्ष ऊतीतल्या ए-बीटा ४२ ची रचना २०२२ मध्ये आली. तिथं पीळ डावा, पण घड्या दोन: एक मुख्यतः घराण्यात नसताना होणाऱ्या अल्झायमरमध्ये, दुसरी मुख्यतः घराण्यात चालत आलेल्या अल्झायमरमध्ये. ए-बीटा पहिल्यांदा वेगळं करून त्याचा क्रम वाचला गेला १९८४ मध्ये. मेंदूतली त्याची खरी घडी दिसायला ३८ वर्षं लागली.

क्रायो-ईएमबद्दल लोकांना वाटतं की सगळी करामत यंत्राची. यंत्र मोठं आहे खरंच; २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना या तंत्रासाठी मिळालं. पण रोजचं काम वेगळंच असतं. ३ मायक्रोलिटरचा थेंब जाळीवर ठेवायचा, टिपकागदानं टिपायचा, आणि द्रवरूप इथेनमध्ये बुडवायचा, इतक्या झटकन की पाण्याला स्फटिक व्हायला वेळ मिळू नये. दहा जाळ्यांतली एक बरी निघाली तर दिवस चांगला. मग हजारो चित्रं, त्यांतून धागे निवडणं, वर्ग पाडणं, रेलिऑन या प्रोग्राममध्ये पिळाचा अंदाज घालून त्रिमिती रचना उभी करणं. इथं एक सापळा आहे. पिळाचा किंवा सममितीचा अंदाज चुकला तरी संगणक तक्रार करत नाही. तो एक सुबकशी खोटी रचना हातात ठेवतो, पदरांसारखं काहीतरी दाखवणारी. ४.७ अँगस्ट्रॉमवर थर सुटे दिसतात का, बाजूच्या शाखा ओळखू येतात का, हे दिसल्याशिवाय आनंदाची पोस्ट टाकू नका. मी एकदा टाकली होती. दोन दिवसांनी काढली.

नकाशात साखळी बसवायच्या प्रोग्रामचं नाव कूट. शेंगदाण्याचं नव्हे, पण कोड्याच्या अर्थानं शोभतं. २०२२ मधलं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांवर काम करणाऱ्या गटांना धाग्यांच्या नकाशात एक अनोळखी घडी दिसायला लागली. नकाशातल्या शाखांचे आकार एकेक करून वाचत, मानवी प्रथिनांच्या यादीशी ताडत त्यांनी नाव काढलं: टीएमईएम१०६बी. कुणी शोधतही नव्हतं असं प्रथिन, आणि ते ठरावीक आजारापुरतं नाही. उतारवयातल्या निरोगी मेंदूतही आढळतं. नकाशावरून नाव वाचता आलं पाहिजे, म्हणून वीस अमिनो आम्लांच्या शाखांचे आकार पाढ्यांसारखे पाठ करा. यात लाज नाही.

मेंदूच्या ऊतीवर काम करायचं असेल तर वेळ धरून चला. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मानवी मेंदूपेढी आहे. ऊती मिळवायच्या तर नैतिक समितीची मंजुरी, कागदपत्रं, साठवणुकीची सोय, हे सगळं महिन्यांचं काम आहे. ते पहिल्या वर्षीच सुरू करा. आणि हे धागे बी म्हणून काम करतात, हे विसरू नका. सांडलेला थेंब पाण्यानं पुसून जात नाही. हातमोजे, वेगळी जागा, डिटर्जंटनं पुसणं, आणि ऊतीसाठीची पिपेटं कायमची वेगळी.

कुठून येणाऱ्यानं यावं? रसायन, भौतिक, जैवतंत्र, फार्मसी, कुठूनही. भौतिकशास्त्राची मुलं क्रायो-ईएममध्ये लवकर रुळतात, रसायनाची एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणू तपासायच्या तंत्रात. पायथन आणि लिनक्स आलेच पाहिजेत. एमएस्सीच्या सुट्टीत शिका, पीएचडीत वेळ मिळत नाही. भारतात या विषयाची खोल मुळं आहेत. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ए-बीटावर एनएमआर आणि प्रकाशाच्या तंत्रांनी काम झालंय, आयआयटी मुंबईत अल्फा-सायन्यूक्लीनवर. आणि प्रथिनाची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते याचा जो नकाशा जगभर वापरतात, तो जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रासमधून दिला. नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि घरभाडं. मुंबईत यात काटकसरीनं भागतं, इचलकरंजीत राजासारखं.

अर्जातल्या निवेदनात आजी आणू नका. नव्वद टक्के अर्जांत विसरभोळी आजी असते. वाचणाऱ्यांचीही आजी असते, पण तिसाव्या आजीनंतर ते पुढचा परिच्छेद गाळतात. त्यापेक्षा एखादी रचना उघडून तुम्हाला तिथं काय खटकलं ते चार ओळींत लिहा.

वाचताना संशय जिवंत ठेवा. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला, ए-बीटाच्या एका खास पुंजक्याला विस्मरणाचं कारण ठरवणारा, हजारो वेळा उद्धृत झालेला लेख चित्रांतल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला. यावरून 'अमायलॉइड म्हणजे थोतांड' असं म्हणणारेही भेटतील. त्यांना ए-बीटाशी निगडित जनुकांतली, घराण्यात अल्झायमर आणणारी उत्परिवर्तनं दाखवा. लेकानेमॅब या ए-बीटा हटवणाऱ्या प्रतिपिंडाला अमेरिकेत अल्झायमरसाठी २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. १८ महिन्यांच्या चाचणीत रुग्णांच्या स्मरणाची आणि रोजच्या व्यवहाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. घसरण थांबली नाही. मेंदूला सूज आणि रक्तस्राव हे धोके आहेतच. नातेवाइकांनी फोन करून "औषध आलं म्हणे" असं विचारलं, तर एवढंच सांगा. मी तेवढंच सांगते.

सध्या मी युरोपात आहे, मेंदूच्या ऊतीवर काम करते. गेल्या महिन्यातल्या एका नमुन्यात तीन प्रकारचे धागे निघाले. दोन ओळखीचे, दोन्ही टाऊ. तिसऱ्याचे जेमतेम काही शे तुकडे, नकाशा धुकट, शाखा वाचता येत नाहीत. बहुधा तोही टीएमईएम१०६बी निघेल. सूक्ष्मदर्शकावर पुढची पाळी तीन आठवड्यांनी आहे, ४८ तासांची. रविवारी फोनवर अण्णांनी विचारलंच, "त्या तिसऱ्याचा पीळ कुठला?" म्हटलं, अजून दिसत नाही. "मग लेबल लावू नको," ते म्हणाले, आणि आईला फोन दिला.